देहाची मंद शेगडी

थंडीत पांघरुणात शिरल्यावर मिळणारी ऊब पांघरुणाची नसते. ती आपल्याच देहाची असते. ती येते कोठून?

१७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए व लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवला व किती बर्फ वितळला ते मोजले. त्याच्या उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइडइतकाच वायू देणारा कोळसा जाळला, तर किती बर्फ वितळेल याच्याशी ते माप ताडून पाहिले. दोन्ही बरीचशी जुळली. श्वसन हे मंद ज्वलनच ठरले.

ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. केवळ रूप पालटते. हा पहिला नियम. दुसरा अधिक कठोर आहे: आपोआप घडणाऱ्या प्रत्येक क्रियेत एकंदर अव्यवस्था वाढते. क्लॉसियसने १८६५ साली या राशीला एंट्रॉपी हे नाव दिले.

मग बीजातून रेखीव रोप कसे उभे राहते? रोप सूर्यप्रकाश घेते व उष्णता बाहेर टाकते. आत सुव्यवस्था येते, बाहेर त्याहून अधिक अव्यवस्था. नियम अबाधित राहतो.

ही देवघेव थांबली, की देह भोवतालच्या तापमानाला येऊन निवतो. निर्जीवाला समतोल म्हणजे विश्रांती. जीवाला तो मृत्यू. आजाऱ्याला ‘दोन घास तरी घे’ असे आपण विनवतो, तेव्हा त्या शेगडीत इंधनच घालीत असतो.