आरशातून निघालेला वैरी

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ कठीण आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तो खोल आहे असं म्हणणारा विरळा, कारण बहुतेकांचा राजपुत्र दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हललाच सुळ्यांवर पडून संपलेला असतो. नव्वदच्या दशकात आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर चहाला गेले रे गेले, की डॉसच्या काळ्या पडद्यावर हा राजपुत्र अवतरायचा. तेव्हा आम्ही नुसते पळायचो. या गेममध्ये पळणारा मरतो.

पार्श्वभूमी उरकून टाकतो. कर्ता जॉर्डन मेकनर, अमेरिकन. ‘ब्रॉडरबंड’ने 1989 मध्ये ॲपल टू संगणकासाठी हा गेम काढला, पुढच्या वर्षी डॉसवर आला. संगीत मेकनरच्या वडिलांचं. हरवलेला मूळ सोर्स कोड 2012 मध्ये त्याच वडिलांना घरात फ्लॉप्यांवर सापडला आणि आज तो कुणालाही वाचता येतो. गोष्ट म्हणाल तर जुनीच: दुष्ट वजीर जाफर, कोंडलेली राजकन्या, साठ मिनिटांची मुदत. कितीही वेळा मरा, लेव्हल पहिल्यापासून सुरू होते. गेलेली मिनिटं मात्र परत मिळत नाहीत.

राजपुत्राचं वजन बोटांना जाणवतं. धावताना थांबवलं तर तो घसरत जातो, मग थांबतो. शिफ्ट दाबून टाकलेलं पाऊल मात्र मोजून पडतं: कडेला आणून उभं करतं, आणि सुळ्यांमधूनही सुखरूप नेतं. या वजनाचं कारण म्हणजे मेकनरने 1985 मध्ये धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम गिरवली. तलवारबाजी त्याने 1938 च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मधून उचलली. मी तो चित्रपट मिळवून एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोनचं शेवटचं द्वंद्व थांबवत थांबवत पाहिलं. दोघे कॅमेऱ्याला बाजू देऊन उभे राहतात तो तुकडा अगदी छोटा आहे, पण गेममधला पवित्रा तिथलाच, शंका नको.

आता माझ्या आवडीच्या सावलीकडे. राजपुत्राच्या हालचालींनी ॲपल टूची मेमरी गिळून टाकली होती. टोमी पियर्स ही मेकनरची मैत्रीण ‘लढाई हवी’ म्हणून मागे लागलेली, आणि वैऱ्याची चित्रं ठेवायला जागा नाही. मेकनरने राजपुत्राचंच चित्र एक ठिपका सरकवलं आणि मूळ चित्राशी ‘एक्सक्लुझिव्ह ऑर’ ही क्रिया केली. दोन्ही ठिपके सारखे तिथे काळोख, वेगळे तिथे उजेड. उरली फक्त लुकलुकती कड; तीच ही सावली. अडचणीतून असा ऐवज हाती लागला. पुढे मेमरी मोकळी करून पहारेकरीही आले, पण सावलीची सर त्यांना नाही.

चौथ्या लेव्हलला दार उघडून परत फिरावं, तर मघाशी मोकळ्या असलेल्या वाटेत आरसा उभा. चालत गेलात तर अडता; धावत येऊन उडी मारली तरच पार होता. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने तुमची सावली निसटते आणि तुमच्या अंगात एकाच त्रिकोणापुरता जीव उरतो (गेममध्ये जीव त्रिकोणांत मोजला जातो). पाचव्या लेव्हलला ती तुमच्या डोळ्यांदेखत औषधाची कुपी रिती करते. सहाव्याला तुम्ही दरी ओलांडायला झेपावता, ती शांतपणे कळीवर पाय ठेवून समोरची जाळी पाडते आणि तुम्ही खाली. हा डाव मला आजही खुपतो.

शेवटी बाराव्या लेव्हलला ती तलवार उपसून समोर येते. तुम्ही वार करता, तिचा एक त्रिकोण जातो. तुमचाही जातो! अकरा लेव्हल हातात जे कसब मुरलं, तेच इथे जिवावर उठतं. इथे खालच्या बाणाची की दाबून तलवार म्यान करायची. सावलीही करते. मग सरळ तिच्या अंगावर चालत जायचं. दोघं एक होतात. हे करायला कुठेही सांगितलेलं नसतं. त्यानंतर डावीकडे पोकळीत धावलात की पायाखाली एकेक फरशी उमटत जाते, मघापर्यंत जिथे नुसती खाई होती तिथे.

जाफरशी झुंज अजून बाकी असते, पण माझ्या मते ती निव्वळ उपचार. नेहमीच्या पहारेकऱ्यापेक्षा जरा चिवट, इतकंच.