बदललेल्या इंजिनाची खटखट

मानवतच्या बाजारात कापसाची आणि गंगाखेडच्या बाजूस उसाची वाहतूक ऐन भरात असते, त्याच दिवसांत परभणी जिल्ह्यात थंडीही कडाक्याची पडते. येथील कृषी विद्यापीठात पारा 5 अंशांखाली उतरल्याची नोंद एकाहून अधिक हिवाळ्यांत झालेली आहे. अशा पहाटे, जुने इंजिन उतरवून नुकतेच दुसरे चढवलेला ट्रक सेल्फ मारूनही सुरू होत नाही, आणि झालाच तर खटखटू लागतो, तेव्हा मालकाचा संशय साहजिकच त्या नवागत इंजिनावर जातो. माझ्या मते हा संशय बहुधा घाईचा असतो. परके इंजिन जुन्या गाडीला जेथे जोडले गेले, त्या सांध्यांचीच चौकशी आधी व्हावी.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा सुमारे 17 पट दाबली जाऊन 500 अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. परंतु सेल्फ मंद फिरला, तर ती उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींतच जिरते. म्हणून प्रथम बॅटरी, आणि गडबडीत बसवायची राहून गेलेली अर्थिंगची पट्टी पाहावी. सेल्फ जोमाने फिरूनही सायलेन्सरमधून धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल पोचतच नाही: एकतर नळ्या सोडल्याने लाइनीत एअर धरली आहे, नाहीतर इंजिन बंद करण्याची केबल अर्धवट ओढलेली राहिली आहे. पांढरा धूर मात्र डिझेल पोचून जळत नसल्याची साक्ष देतो.

खटखटीचा तपास अधिक रंजक आहे. 1954 पासून टेल्कोने डायमलर-बेंझच्या सहकार्याने जे ट्रक बनवले, त्या परंपरेतील जुन्या इंजिनांत पंपापासून प्रत्येक नॉझलला स्वतंत्र नळी जाते, ही मिस्त्रीची मोठीच सोय. इंजिन मंद चालू ठेवून तो एकेका नळीचा नट ढिला करतो. ज्या सिलिंडरचे इंधन तुटताच आवाज मावळतो, दोष तेथला. मग त्याचे नॉझल शेजारच्या सिलिंडरला लावावे: आवाज नॉझलबरोबर सरकला तर गुन्हेगार नॉझल, जागीच राहिला तर पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. सर्वच सिलिंडर सारखे ठोकत असतील तर पंपाचे टायमिंग पुढे गेले असण्याचा संभव अधिक. क्लच दाबताच आवाज बदलला तर फ्लायव्हीलचे बोल्ट व क्लच तपासावेत. (कॉमन रेल पद्धतीच्या आधुनिक इंजिनांत नट ढिला करण्याचा हा प्रयोग कदापि करू नये, तेथील प्रचंड दाबाची धार कातडी भेदून आत शिरते.)

जड, खोल ठोका आणि त्याबरोबर ऑइलचा घसरलेला दाब, अशी जोडी दिसली तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावे, ऑइल फिल्टर कापून पाहावा, आणि त्यात तांबूस चकाकी आढळल्यास इंजिन न खोलता फिल्टरसह विक्रेत्याकडे जावे. कारण एकदा इंजिन खोलले, की हमीची जबाबदारी झटकण्याची सबब त्याच्या हाती आयतीच पडते.