मोनार्डा : नाव आणि लागवड

लोकभाषेतील वनस्पतिनामे बहुधा त्या वनस्पतीचा एखादाच गुण सांगतात. परभाषेतील असे नाव मराठीत आणताना त्याचा अर्थ आणखी ढळतो, आणि त्या नावावर विसंबणारा बागवान फसतो. उत्तर अमेरिकेतील 'बी बाम' ही वनस्पती याचे बोलके उदाहरण होय.

ही वनस्पती तुळस व पुदिना यांच्या कुळातील आहे. चौकोनी खोड आणि समोरासमोर येणारी पाने ही त्याची खूण. लिनीयसने १७५३ मध्ये हिच्या प्रजातीला 'मोनार्डा' हे नाव दिले, ते सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्डेस याच्या स्मरणार्थ. अमेरिकेतील औषधींवर ग्रंथ लिहिणारा हा वैद्य स्वतः तेथे कधीच गेला नव्हता. पानांचा वास बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळासारखा, म्हणून तिला 'बर्गामॉट' म्हणतात. ऑस्वेगो परिसरात पानांचा चहा करीत, म्हणून 'ऑस्वेगो चहा'.

'बी बाम' या नावातील 'बी' मराठी कानाला बीज वाटते आणि 'बाम' डोके दुखल्यावर चोळण्याचा. भाषांतर करावे तर 'मधमाशी' हा शब्द सुचतो. परंतु इंग्रजी 'बी'मध्ये भुंगेही येतात. वस्तुतः मध साठवणारी माशी अमेरिकेत सतराव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर आली. तांबड्या मोनार्डाच्या लांब नळीच्या तळाशी असलेला मधुरस मुख्यतः गुंजनपक्षी व लांब जिभेचे भुंगे यांना मिळतो. तेव्हा केवळ मधमाश्यांच्या आशेने ही लागवड करणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे.

तीन-चार फूट वाढणाऱ्या मोनार्डाची दाटी झाली की पानांवर भुरी पडते. कॅनडातील मॉर्डन (मॅनिटोबा) येथील संशोधन केंद्रात तयार झालेला 'पेटीट डिलाइट' हा बुटका वाण सुमारे १२ ते १५ इंच वाढतो. त्यास भुरी-प्रतिकारक म्हणतात. मात्र 'प्रतिकारक' म्हणजे 'रोगमुक्त' नव्हे. रोज किमान सहा तास ऊन, ओलावा धरणारी पण पाणी न तुंबणारी जमीन आणि दोन रोपांत सुमारे दीड फूट अंतर असावे. मुळे कोरडी पडली आणि हवा कोंडली, तर भुरी बळावते. म्हणून पाणी बुडाशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. नत्रखत बेताने द्यावे. सुकलेली फुले खुडल्यास पुन्हा बहर येऊ शकतो. पुदिन्याप्रमाणे ही वनस्पतीही जमिनीखालून पसरते. यास्तव दर दोन-तीन वर्षांनी वसंतात गड्डा उकरून मधला जून भाग टाकावा व कडेचे जोमदार फुटवे पुन्हा लावावेत. परागवाहकांसाठी केलेल्या बागेत कीटकनाशक फवारणे म्हणजे पाहुण्यास बोलावून विष वाढणे होय.

तात्पर्य, मराठीत 'मोनार्डा' हेच नाव ठेवणे इष्ट. ते गुणाविषयी काहीच सांगत नाही, आणि म्हणूनच फसवीतही नाही.