लोखंडी दोराची वाट आणि गडावरची शिडी

बेळगाव–वेंगुर्ला रस्त्यालगतच्या उचगाव परिसरातील दुर्गप्रेमींना चंदगड तालुक्यातील महिपालगड, कलानिधीगड, पारगड हे किल्ले जवळचे असून तेथील माथा पायऱ्यांनी किंवा मळलेल्या वाटेने गाठता येतो. उत्तरेकडे, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर आणि रतनगडावर, मात्र उभ्या कातळटप्प्यांना लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत, आणि त्या पाहिल्यावर युरोपातील ‘व्हिया फेराटा’ ती हीच, असे वाटणे स्वाभाविक आहे. दोहोंत लोखंड समान असले, तरी पडणाऱ्या माणसाचे काय होते, या प्रश्नाची उत्तरे अगदी वेगळी आहेत.

‘व्हिया फेराटा’ या इटालियन शब्दांचा अर्थ ‘लोखंडी वाट’ असा असून, कड्याच्या अंगाने ताणलेला पोलादी तारदोर ठरावीक अंतरावर कातळात रोवलेल्या मेखांना जखडून आणि जेथे पाय ठरत नाही तेथे लोखंडी आकडे वा शिड्या बसवून ती तयार केली जाते. ऑस्ट्रियातील डाखश्टाइन शिखरावर फ्रीडरिख सिमोनी यांनी १८४३ मध्ये अशी सोय करवली होती. पुढे पहिल्या महायुद्धात इटली व ऑस्ट्रियाच्या सैन्यांनी डोलोमाइट पर्वतात शिड्या व दोर लावून वाटा काढल्या आणि त्यांपैकी काही आज दुरुस्त होऊन हौशी आरोहकांच्या उपयोगी पडतात.

या वाटेवर आरोहकाच्या कमरेच्या हार्नेसपासून दोन पट्टे निघतात व प्रत्येकाच्या टोकाची कडी, म्हणजे कॅराबिनर, तारदोरात अडकवलेली असते. मेख आली की आधी एक कडी काढून मेखेपलीकडे अडकवायची आणि मगच दुसरी हलवायची, म्हणजे आरोहक कोणत्याही क्षणी मोकळा राहत नाही. तरीही तोल गेलाच, तर कडी तारेवरून घसरत खालच्या मेखेपर्यंत जाते आणि हाच या वाटेचा खरा धोका आहे. पडण्याचे अंतर भागिले ते पडणे झेलणाऱ्या दोराची लांबी, या गुणोत्तराला पतनांक म्हणता येईल. नेहमीच्या दोर-आरोहणात तो सहसा २ पेक्षा अधिक होत नाही, परंतु येथे एक मीटरच्या पट्ट्यावर पाच मीटरचे पडणे आले, तर तो ५ होतो. तारदोर ताणत नाही, पट्टाही ताणत नाही, आणि सारा हिसका शरीराला किंवा साधनाला बसतो. म्हणूनच पट्ट्यांच्या मुळाशी शिवलेली घडी असते, जी हिसक्यासरशी टाके उसवत उलगडते आणि आघात शोषून घेते. ४० ते १२० किलो वजनाच्या माणसांसाठी तिची चाचणी युरोपीय मानकानुसार होते आणि एकदा उसवलेली घडी पुन्हा वापरता येत नाही. दोन मेखांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच माणूस असावा, हा नियमही याच कारणासाठी आहे, कारण वरचा पडल्यास तो खालच्यावरच येऊन आदळतो.

गडावरची शिडी हाताला आधार देते, पण निसटलेल्याला झेलत नाही. त्यातच सह्याद्रीचा पाऊस लोखंड गंजवतो आणि भेगाळलेल्या बेसाल्टमधील मेखा सैल होतात, म्हणून दर पावसाळ्यानंतर जाणकारांकडून त्यांची तपासणी होणे अत्यावश्यक आहे. वीज ही दुसरी भीती होय: एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर बेळगाव भागात वळवाचे ढग दाटून येतात, आणि अशा वेळी उघड्या धारेवरचा लोखंडी दोर किंवा शिडी धरून राहणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे चढाई सकाळीच उरकून ढग जमण्यापूर्वी खाली उतरलेले असावे लागते.