विश्लेषण : माउंटन बाइक उतारावरच दगा का देते? पावसाळ्यात तिची देखभाल कशी करावी?

पाऊस स्थिरावला की सह्याद्रीतील घाटरस्त्यांवर आणि डोंगरवाटांवर रविवारी पहाटे माउंटन बाइकस्वार दिसू लागतात. मात्र सायकलीच्या सुट्या भागांची सर्वाधिक झीजही याच हंगामात होते. चेन, ब्रेक पॅड असे तुलनेने स्वस्त भाग वेळेत बदलले नाहीत तर त्यांच्यापाठोपाठ महागडे भाग जातात आणि उतारावर ब्रेकने साथ सोडली तर जिवावर बेतू शकते. ‘बिघडल्यावर बघू’ हा साध्या सायकलीचा नियम माउंटन बाइकला का लागू पडत नाही, याविषयी...

देखभाल आणि या खेळाचे नाते किती जुने?

माउंटन बायकिंगचा जन्मच एका दुरुस्तीच्या आठवणीशी जोडलेला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरातील कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी उताराची पहिली शर्यत झाली. स्पर्धकांकडे जाड टायरच्या जुन्या, अवजड सायकली होत्या. त्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पेडल उलटे फिरवले की तो लागत असे. तीव्र उतारावर हा हब इतका तापे, की आतले ग्रीस जळून त्याचा धूर निघे. खाली पोहोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत त्याला ‘रीपॅक’ म्हणतात. त्यावरून त्या रस्त्याला आणि शर्यतीलाही ‘रीपॅक’ हेच नाव पडले. पुढे १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. सायकली बदलल्या, हबमधल्या ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक आले. उतारावर निर्माण होणाऱ्या उष्णतेचा प्रश्न मात्र तोच राहिला.

उतारावर ब्रेकवर नेमका किती ताण येतो?

स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन आहे आणि घाटातून ६०० मीटर उंची उतरायची आहे, असे समजू. या उतरणीत सुमारे ५३० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. खोलीच्या तापमानाचे दीड लिटरहून अधिक पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे. तिचा काही भाग हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातो. सावकाश, ब्रेक दाबत उतरणाऱ्याच्या बाबतीत मात्र बरीचशी उष्णता दोन पातळ चकत्या आणि चार छोट्या पॅडमध्येच जिरते. म्हणून सगळा उतार ब्रेक हलका दाबून ठेवण्यापेक्षा वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट लावून वेग कमी करावा आणि मग ते सोडून द्यावेत. मधल्या काळात चकतीला गार व्हायला वेळ मिळतो.

पावसात यात चिखलाची भर पडते. ओली माती आणि बारीक वाळू पॅडमध्ये अडकून सँडपेपरसारखे काम करते. कोरड्या हंगामात महिनोन्‌महिने टिकणारे रेझिनचे पॅड भरपावसात एखाद्या लांबच्या फेरीतही झिजून संपू शकतात. धातुमिश्रित पॅड चिखलात जास्त टिकतात, पण आवाज करतात. शिवाय काही चकत्यांवर ‘फक्त रेझिन पॅडसाठी’ अशी सूचना कोरलेली असते. तिथे ते चालत नाहीत. शिमानोच्या पॅडवरचा घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे आणि १.८ मिलिमीटर जाडीची चकती १.५ मिलिमीटरपर्यंत झिजली की तीही बदलायची, अशी मर्यादा आहे. नवे पॅड बसवल्यावर लगेच घाटात जाऊ नये. आधी सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक होऊ न देता, वीसेक वेळा ब्रेक लावून ते चकतीवर रुळवून घ्यावे लागतात.

साध्या रिम ब्रेकच्या सायकलीत हीच वाळू ब्रेक शूमधून रिम खाते. अनेक रिमच्या कडेला बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला की रिम संपली, असे समजावे.

ब्रेक ऑइलच्या बाबतीत कोणती चूक महागात पडते?

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये दोन वेगळ्या प्रकारचे द्रव वापरले जातात. शिमानो, टेक्ट्रो, मॅगुरा यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते. स्रॅमच्या अनेक ब्रेकमध्ये ‘डॉट’ द्रव असतो, तर त्यांच्याच काही नव्या मॉडेलमध्ये मिनरल ऑइल असते. ब्रेक सैल झाला की अनेकजण जवळच्या मोटारसायकल गॅरेजमध्ये जातात. तिथे डॉट द्रव सहज मिळतो. तो मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये गेला तर आतली रबरी सीले फुगून खराब होतात आणि बहुतेक वेळा ब्रेकचा संचच बदलावा लागतो. कोणता द्रव चालतो, हे लीव्हरवर किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते.

डॉट द्रव हवेतील ओलावा शोषतो. ‘डॉट ५.१’ नवा असताना किमान २६० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १८० अंशांपर्यंत उतरू शकते. द्रव उकळला की नळीत बुडबुडे होतात आणि लीव्हर हँडलपर्यंत दाबला जाऊनही ब्रेक लागत नाही. सायकल कधीतरीच बाहेर निघत असली तरी असा द्रव ठरावीक काळाने बदलावा लागतो, त्याचे कारण हेच.

आणखी एक नेहमीची चूक सायकल गाडीत टाकताना होते. चाक काढलेले असताना चुकून लीव्हर दाबला गेला, तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. अशा वेळी पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी घालून ठेवली तरी काम भागते.

चेन कधी बदलावी, हे कसे ओळखावे?

चेन तुटेपर्यंत वापरणे, हा सर्वांत महाग पर्याय ठरतो. चेन ‘लांबते’ असे म्हणतात, पण लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यातील पिन झिजते आणि या सूक्ष्म झिजेची बेरीज होऊन चेनची लांबी वाढते. अशी चेन दात्यांवर नीट बसत नाही. वर चढून दात्यांची धार खाते. मग नवी चेन टाकली तरी जुन्या दात्यांवरून ती सटकते. परिणामी चेनपेक्षा कितीतरी महाग असलेला मागचा दात्यांचा संच, म्हणजे कॅसेट किंवा फ्रीव्हीलही बदलावे लागते.

तपासणी घरच्या घरी, इंचाच्या पट्टीने करता येते. चेनच्या एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवावा. तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर असली, तर चेन ठीक आहे. ती एक सोळांश इंच पुढे गेली, तर झीज सुमारे अर्धा टक्का झाली. अकरा आणि बारा गिअरच्या सायकलींत चेन इथेच बदलतात. त्याहून कमी गिअर असतील तर थोडे आणखी थांबता येते. एक अष्टमांश इंचाचा फरक दिसला, तर बहुधा दातेही गेलेले असतात.

चिखलातून आल्यावर सायकल कशी धुवावी?

घाटावरची काळी माती टायर आणि फ्रेममध्ये गच्च बसते, कोकणातली जांभ्याची लाल माती सांध्यांत शिरते, तर किनाऱ्यावरची खारी हवा बोल्ट गंजवते. सायकल घरी आल्यावर तशीच ठेवणे जितके वाईट, तितकेच तिला गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमधल्या प्रेशर गनखाली धरणेही वाईट. तो फवारा सीलांच्या आत घुसतो, बेअरिंगमधले ग्रीस काढतो आणि तिथे पाणी ठेवतो. साधा पाइप किंवा बादली, सौम्य साबण आणि जुना ब्रश पुरेसा असतो.

चेन मात्र वेगळी, डीग्रीझरने साफ करावी आणि पूर्ण वाळू द्यावी. मग प्रत्येक रोलरवर एक थेंब चेन ऑइल सोडावे, पेडल उलटे फिरवावे आणि पाच-दहा मिनिटांनी बाहेरचे तेल फडक्याने पुसून घ्यावे. तेल आतल्या पिनला हवे असते. बाहेर राहिलेले तेल फक्त माती धरून ठेवते. गाडीचे जाड इंजिन ऑइल त्यामुळेच नको. स्प्रे मारताना डिस्क ब्रेकच्या चकतीकडे लक्ष द्यावे. तिच्यावर तेलाचे शिंतोडे उडाले तर पॅड तेल शोषतात, ब्रेक किंचाळू लागतो आणि नीट लागत नाही.

शॉक आणि टायरकडे दुर्लक्ष का होते?

शॉक एकदम बंद पडत नाही, हळूहळू कडक होतो. त्यामुळे स्वाराच्या ते लक्षात येत नाही. रॉकशॉक्स आपल्या फोर्कच्या खालच्या नळ्यांची सर्व्हिस साधारण ५० तासांनी सुचवते. दर रविवारी तीन तास सायकल चालवणाऱ्याचे ५० तास चार महिन्यांत भरतात. जूनमध्ये सुरुवात केली, तर पाऊस संपता संपता ही वेळ येते. हवेच्या शॉकमध्ये दाब स्वाराच्या वजनानुसार ठेवायचा असतो आणि त्यासाठी वेगळा पंप लागतो.

टायरमध्ये हवा फार कमी असेल तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. फार जास्त असेल तर ओल्या खडकावर पकड सुटते. बाभळीच्या काट्यांमुळे अनेकजण ट्यूबलेसकडे वळले आहेत. मात्र त्यातला सीलंट आपल्याकडच्या उन्हात लवकर वाळतो. दोन-तीन महिन्यांनी तो पाहिला नाही, तर टायर ट्यूबलेस असूनही काटा लागल्यावर खाली बसतो.

प्रत्येक ‘माउंटन बाइक’ डोंगरासाठी असते का?

नाही. जाड टायर आणि पुढे स्प्रिंगचा शॉक असलेल्या अनेक स्वस्त सायकली याच नावाने विकल्या जातात. कॉलेजला जायला, खड्ड्यांतून चालवायला त्या उत्तम असतात; उड्या मारायला नाही. सायकल कोणत्या वापरासाठी बनवली आहे, याचे आंतरराष्ट्रीय मान्यतेचे वर्गीकरण आहे. त्यात दुसऱ्या श्रेणीची सायकल कच्च्या रस्त्यासाठी आणि सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंतच्या उडीसाठी असते, तर तिसऱ्या श्रेणीत ही मर्यादा सुमारे ६१ सेंटिमीटर असते. श्रेणी मॅन्युअलमध्ये किंवा फ्रेमवरच्या स्टिकरवर दिलेली असते. मर्यादेपलीकडे वापरलेल्या फ्रेमला जोडाजवळ तडे जाऊ शकतात. ते धुताना बोट फिरवून, नीट पाहूनच सापडतात.

मध्येच खंड पडला तर सायकलीचे काय होते?

२०२०च्या टाळेबंदीनंतर सायकलींची मागणी अचानक वाढली होती. त्यातील अनेक सायकली आज सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात आहेत. नोकरीतली बदली, घरातले आजारपण, पडल्यानंतर बसलेली भीती, सोबतच्या गटाची पांगापांग, अशा कारणांनी सायकल सुटते. यात कमीपणा काही नाही. लांब पल्ल्याच्या स्वारांच्या वाट्यालाही असे काळ येतात. पण सायकल उभी राहिली म्हणून तिची झीज थांबत नाही. हवा गेलेल्या टायरला उभ्या वजनाने घडी पडून चिरा जातात, सीले कोरडी पडतात, केबल आतून गंजतात. त्यामुळे पुन्हा सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच दिवशी घाट गाठणे धोक्याचे. आधी टायर, ब्रेक, चेन, हँडल आणि स्टेमचे बोल्ट तपासावेत, आठवडाभर घराजवळच्या सपाट रस्त्यावर फिरावे. जोरात आपटलेले हेल्मेट मात्र वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. त्यातला फोम एकदाच दबून धक्का शोषतो.

घरी काय करावे, मेकॅनिककडे काय सोपवावे?

हवा, पंक्चर, चेनची सफाई आणि मोजणी, ब्रेक पॅड बदलणे, बोल्ट आवळणे ही कामे ॲलन कीचा संच आणि थोडा सराव यांवर घरी होतात. चाकाचा आउट काढणे हे अनुभवी हाताचे काम आहे. त्यात गल्लीतला जुना सायकलवाला अनेकदा मोठ्या शोरूमपेक्षा सरस ठरतो. हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढणे आणि शॉकची सर्व्हिस मात्र त्यातील जाणकाराकडेच द्यावी.

मनाली-लेह किंवा सह्याद्रीतील आडवाटांवर जाताना पंप, ट्यूब, चेन जोडण्याची क्विक लिंक, ब्रेक पॅडची एक जोडी आणि डिरेलर हँगर सोबत असावा. हँगर हा गिअर आणि फ्रेम यांच्यामधला ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा असतो. सायकल पडली तर फ्रेमऐवजी तो वाकावा, अशीच त्याची रचना असते. बहुतेक सायकलींत तो मॉडेलनुसार वेगळा असतो आणि वाटेतल्या गावात मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. त्यामुळे चेन, पॅड आणि हँगर आधीच घेऊन ठेवण्याचा भार काहीसा हलका झाला आहे. अभयारण्यातील वाटांसाठी वन विभागाची परवानगी लागते, तीही निघण्याआधीच पाहावी.