स्वयंवह चक्र : पाऱ्याच्या चढउताराचा हिशेब

नागपूरहून बैतुलकडे जाणाऱ्या वाटेवरील पांढुर्णा आणि छिंदवाड्याच्या वाटेवरील सौंसर हा संत्र्यांच्या बागांचा मराठी मुलूख 1956 साली मध्य प्रदेशात राहिला, आणि 2023 मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. या मुलखात जुन्या विहिरींवर मोट चालत असे व तिचे चाक फिरण्यासाठी बैलांना धावेवरून उतरावे लागे. बैल, पाणी, वारा यांपैकी कशाचीही मदत न घेता फिरत राहणाऱ्या चाकाला मात्र संस्कृत ज्योतिषग्रंथांत ‘स्वयंवह’, म्हणजे स्वतःच स्वतःला वाहून नेणारे यंत्र, असे नाव आहे.

ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये वर्णिलेले हे चक्र भास्कराचार्यांनी 1150 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’तील गोलाध्यायाच्या यंत्राध्यायात अधिक तपशिलाने मांडले. हलक्या लाकडाच्या चाकाला समान अंतरावर सारख्या, पोकळ, किंचित वाकड्या आरा बसवून त्यांत निम्मा पारा भरावा, तोंडे बंद करावीत आणि चाक दोन आधारांमधील आसावर ठेवावे. काही आरांतील पारा मुळाकडे व काहींतील टोकाकडे धावतो आणि त्याच्या ओढीने चाक फिरते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. दुसऱ्या रचनेत चाकाच्या परिघावर दोन अंगुळे रुंद व तितकीच खोल चर खोदून ती ताडपत्र व मेणाने झाकतात आणि तिच्यात एकीकडे पारा, दुसरीकडे पाणी भरतात.

वाद आहे तो आरांच्या वाकण्यावरून. आरा सरळ असत्या तर वरच्या अर्ध्यातील पारा आसाजवळ व खालच्या अर्ध्यातील पारा परिघाशी जमून डावी-उजवी बाजू तंतोतंत तोलली गेली असती. वाकामुळे एका बाजूचा पारा लवकर बाहेर सरकतो व दुसऱ्या बाजूचा लवकर आत येतो, म्हणून चाक एकीकडे झुकल्यासारखे वाटते. परंतु एका फेऱ्यात पाऱ्याचा प्रत्येक थेंब जितका खाली येतो तितकाच त्याला पुन्हा वर चढावे लागते, म्हणून हाती काहीच उरत नाही, आणि आसाचे घर्षण व पाऱ्याचे हेलकावे असलेला वेगही खाऊन टाकतात. चरीच्या रचनेत तर पाण्याच्या साडेतेरा पट जड असलेला पारा तळाशीच बसून राहतो. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही हा नियम एकोणिसाव्या शतकात, हेल्महोल्ट्झच्या 1847 च्या मांडणीनंतर, स्थिरावला. तरी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्येच अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासणे थांबवले होते. तेराव्या शतकातील व्हिलार द ऑनकूर या फ्रेंच कारागिराच्या वहीतही असमतोल चाक आढळते, आणि ही कल्पना भारतातून अरबांमार्फत तिकडे गेली असावी, असे लिन व्हाइट या इतिहासकाराने सुचवले.

हे चाक चालत नाही म्हणून भास्कराचार्यांना उणे लेखणे अन्यायाचे, आणि ते चालत असे असा हट्ट धरणे त्यांच्याच गणिती वृत्तीला सोडून आहे. वाकड्या नळीने टाकीतील पाणी ओढून चाकावरील घटिकांत सोडणारी तिसरी रचना, म्हणजे तिन्हींतील एकमेव चालण्याजोगी, त्यांनीच वर्णिली आहे. या वर्णनाचे लॅन्सेलॉट विल्किन्सन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 1861 मध्ये छापले गेले, तेव्हा ते तपासणारे बापूदेव शास्त्री हे मराठी पंडित होते. त्यांनी लीलावती व बीजगणिताचे पाठ नागपूरला घेतले होते, आणि तेथूनच विल्किन्सन त्यांना 1838 मध्ये सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत घेऊन गेले.