एकवीस बायकांचा हिशेब

सिंदखेडराजापासून जळगाव जामोदपर्यंतचे तेरा तालुके मिळून बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत २५,८६,२५८ भरली. ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीची लागण जगात दर सहा दिवसांत जवळपास तेवढ्याच लोकांना नव्याने होते. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज १५ कोटी ६० लाख नव्या लागणींचा आहे. म्हणजे सेकंदाला पाच! आणि हा जंतू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा.

अशी लागण झालेली गावातली बाई आशाताईला ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढंच सांगते, तेही बरेच दिवस काढल्यावर. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. हे १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

ट्रायकोमोनासवरचं औषध जुनंच, मेट्रोनिडॅझोल. वाद आहे तो डोसाचा: दोन ग्रॅम एकदम, की ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस? २००३च्या कॉक्रेन आढाव्यात ५४ चाचण्या जमेस धरल्या होत्या. कसंही द्या, नव्वदेक टक्के बऱ्या होतात, असा त्याचा निष्कर्ष. मग एकदाच देणं सोयीचं, कारण चौदा गोळ्या कापूस वेचणीच्या दिवसांत कोण आठवणीने घेणार?

२०१८ साली अमेरिकेतल्या ६२३ बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. महिन्याभराने दोन्ही गटांतल्या २७०-२७० जणींची फेरतपासणी झाली. एका डोसवाल्यांत ५० जणींत जंतू सापडला, सात दिवसवाल्यांत २९. फरक एकवीस बायकांचा, पण कोटभर रुग्णांवर पसरवला तर पावणेआठ लाखांचा. २०२१मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने (सीडीसी) बायकांसाठी सात दिवसांचा सल्ला दिला.

आपल्या सरकारी दवाखान्यांतल्या हिरव्या ‘किट २’मध्ये सेकनिडॅझोलचे दोन ग्रॅम असतात, एकदाच घ्यायचे. हे औषध मेट्रोनिडॅझोलपेक्षा शरीरात जास्त काळ टिकतं. २०२१च्या चाचणीत त्याने ९२ टक्के जणी बऱ्या झाल्या. मात्र तुलना होती औषध नसलेल्या डोसशी, सात दिवसांच्या मेट्रोनिडॅझोलशी नव्हे. माझ्या मते खरा सामना तोच, आणि तो इथल्या बायकांमध्ये व्हायला हवा.

लागण झालेल्या नवऱ्याला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून तो दवाखान्यात येत नाही आणि बायकोला पुन्हा लागण होते. सीडीसीच्या सल्ल्यात त्याच्यासाठी अजूनही एकदम दोन ग्रॅमच आहेत. २०१८च्या चाचणीतल्या त्या ६२३ जणींत पुरुष एकही नव्हता.